शुक्रवारचा फळा: ऑफर, वाटण्या आणि आपली गल्ली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोपरखैरण्यात नवीन राहायला आलेले लोक जिन्याखालचा काळा फळा बघतात आणि कोणाला तरी थांबवून विचारतात, हे काय चाललंय. दर शुक्रवारी तेच प्रश्न, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. लांब झालंय, पण चहा घेऊन वाचा, उपयोगाचं आहे.

हा फळा नक्की काय आहे?

आपल्या गल्लीतल्या चार सोसायट्या मिळून दर आठवड्याला आजूबाजूच्या सुपरमार्केटमधल्या ऑफर गोळा करतात, त्यातल्या खरोखर घेण्यासारख्या तेवढ्याच फळ्यावर लिहितात, आणि ज्यांना मोठं पाकीट एकट्याने परवडत नाही किंवा संपत नाही ते एकत्र घेऊन वाटून घेतात. बस एवढंच. सुरुवात झाली ती दोन बायका लिफ्ट बंद पडली म्हणून जिन्यात दम खात बसल्या होत्या, दोघींच्या हातात पाच-पाच किलोचं आट्याचं पाकीट, आणि दोघींच्याही घरी खाणारी माणसं दोनच. तिथेच ठरलं की पुढच्या वेळी एकच आणायचं. त्यातली एक मी.

शुक्रवारच का?

कारण बऱ्याच दुकानांच्या वीकेंडच्या ऑफर गुरुवारी रात्री नाहीतर शुक्रवारी सकाळी लागतात, आणि शनिवारी गर्दी व्हायच्या आत जाऊन आलेलं बरं. जुन्या लोकांना बिग बझारचा बुधवार आठवत असेल, आठवड्यातला सगळ्यात स्वस्त दिवस म्हणून अख्खं नवी मुंबई बुधवारी ट्रॉली घेऊन लाइनीत उभं असायचं. अजूनही काही ठिकाणी भाजी-फळांच्या ऑफर बुधवारी असतात, त्या असल्या तर मंगळवारी रात्री फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहितो.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मात्र शक्यतो जाऊ नका. पगार झालेले असतात, बिलिंगला पाऊण तास जातो, आणि चांगल्या ऑफरचा माल दुपारपर्यंत संपतो. ज्यांना जमतं त्यांनी 12 ते 20 तारखेच्या मधे सामान भरावं, रॅक पण भरलेले असतात आणि डोकं पण शांत राहतं.

मेंबर व्हायला पैसे लागतात का?

नाही. खडूचे पैसे सुद्धा कोणाकडून घेत नाही. फक्त वाटणीत नाव घातलं तर पैसे आधी द्यायचे, माल आल्यावर नाही, ह्यावर आम्ही ठाम आहोत. पन्नास-साठ रुपयांवरून शेजाऱ्यांमधे अबोला झालेला बघितलाय, नको तो प्रकार.

डीमार्टचं नाव फळ्यावर फारसं का नसतं? तिथे तर सगळेच जातात.

जातातच की, इथे रिक्षावाल्याला पण डीमार्ट सांगितलं की पुढे काही बोलावं लागत नाही. पण त्यांचा धंदाच वेगळा आहे. 2002 ला पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचं धोरण रोजच कमी भाव ठेवायचं, ठराविक दिवसाची जाहिरात करून लोक बोलवायचे असं नाही. त्यामुळे आम्ही त्यांचा भाव मोजपट्टी म्हणून वापरतो. फळ्यावर प्रत्येक ऑफरच्या पुढे कंसात जो दुसरा आकडा दिसतो तो तिथला त्या आठवड्याचा भाव. दुसरीकडची ऑफर त्याच्यापेक्षा खरंच स्वस्त असेल तरच फळ्यावर चढते. नाहीतर पन्नास टक्के सूट लिहिलेली असली तरी आम्ही सोडून देतो.

ऑफर खरी की नुसती दिसायला, हे कसं ओळखता?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं म्हणजे पाकिटाची किंमत बघायची नाही, वजन बघायचं. तेलाची पिशवी घ्या. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम भरतं. आता रॅकवर शेजारी-शेजारी दोन पिशव्या असतात, दोन्ही पिवळ्या, दोन्ही सारख्याच फुगलेल्या, एकीवर 910 ग्रॅम आणि दुसरीवर बारीक अक्षरात 800 ग्रॅम. समजा पहिली 155 ला आहे आणि दुसरी ऑफरमधे 142 ला. घाईत माणूस 142 वाली उचलतो, तेरा रुपये वाचले म्हणून. हिशोब करा, पहिलीत शंभर ग्रॅमला 17 रुपये पडतात आणि दुसरीत पावणेअठरा. म्हणजे ऑफरवाली महाग. आमच्याकडे एका काकूंनी अशा सहा पिशव्या आणल्या होत्या आणि त्यांना हे दाखवल्यावर त्या अर्धा तास नुसत्या पिशवीकडे बघत होत्या. त्या दिवसापासून फळ्यावर तेलाचा भाव शंभर ग्रॅमवरच लिहितो.

दुसरं, हा हिशोब डोक्यात करायची पण आता गरज नाही. पाकिटावर एमआरपीच्या जवळ युनिट सेल प्राइस छापलेली असते, किलोच्या आतल्या पाकिटाला ग्रॅममागे आणि मोठ्या पाकिटाला किलोमागे. 0.24 रुपये पर ग्रॅम लिहिलं असेल तर किलोला 240. ते अक्षर मुंगीएवढं असतं, वयस्कर लोकांनी मोबाईलने फोटो काढून झूम करून बघावं. फक्त लक्षात ठेवा की तो आकडा एमआरपीवरचा असतो, ऑफरच्या भावावरचा नाही.

तिसरं, मोठं पाकीट स्वस्तच असतं हा गैरसमज काढून टाका. चहा पावडर, डिटर्जंट, बिस्किटं ह्यात कितीतरी वेळा दोन छोटी पाकिटं एका मोठ्यापेक्षा स्वस्त पडतात. आणि दहा रुपयांच्या पुड्यांचं वजन गुपचूप कमी होतं, किंमत तीच राहते, म्हणून वहीत आम्ही वजन पण लिहितो.

वही म्हणजे, आमच्या गल्लीतल्या एका रिटायर्ड काकांनी शाळेच्या दोनशे पानी वहीत साधारण चाळीस वस्तूंचे भाव तारखेसकट लिहून ठेवलेत, दर आठवड्याचे. एखाद्या दुकानाने "आधीची किंमत" म्हणून काही छापलं की काका मागचं पान उघडतात. एक गोष्ट मात्र, 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी बदलला आणि साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल हे 18 टक्क्यांवरून 5 वर आलं, त्यामुळे त्या तारखेच्या आधीचे भाव आणि नंतरचे भाव सरळ लावून बघू नका. काकांनी तिथे लाल पेनाने आडवी रेघ मारून ठेवलीये.

एकावर एक फ्री घेऊन वाटणी कशी करता? भांडणं होत नाहीत का?

सुरुवातीला कुरबुर झाली, खोटं कशाला बोलू. आता पद्धत बसलीये. शनिवारी संध्याकाळी सहाला वॉचमनच्या केबिनजवळ टेबल लागतं, त्यावर इलेक्ट्रिक वजनकाटा. सुटं होणारं सामान, म्हणजे आटा, तांदूळ, डाळ, साखर, हे ज्याने आणलं त्याने मोजायचं आणि डबा उचलताना ज्याने आणलं त्याने सगळ्यात शेवटी उचलायचा. हा नियम आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा, त्यांच्या माहेरी आंब्यांच्या वाटण्या अशाच व्हायच्या म्हणे. मोजणारा शेवटी घेणार म्हटल्यावर माप आपोआप सरळ राहतं.

डबे घरून आणायचे. 2018 पासून पातळ प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहेच, आणि आजींनी जुन्या नऊवारीच्या, चादरींच्या पिशव्या शिवून ठेवल्यात, त्या टेबलाखाली खोक्यात असतात, घेऊन जा पण पुढच्या शनिवारी परत आणा.

तेलाचे डबे, तूप, शाम्पू, औषधं फोडून वाटत नाही. बंद पाकिटं जोडीने असतील तर एक तुम्हाला एक मला, इतकंच. लहान बाळाचं खाणं कधीच वाटणीत घेत नाही.

एक्सपायरी जवळ आलेला माल घ्यावा का?

घ्या, पण किती दिवसात संपेल ते बघून. बेस्ट बिफोर आणि एक्सपायरी ह्यात फरक आहे. बेस्ट बिफोर उलटली की चव, कुरकुरीतपणा, वास कमी होतो. एक्सपायरी किंवा यूज बाय उलटली की ती वस्तू खायचीच नाही, ऑफर कितीही मोठी असो. दही, पनीर, ब्रेड, मिल्कशेक ह्यांच्यावर रात्री साडेआठ-नऊला सूट लागते तेव्हा तारीख बोटाने पुसून बघा, ऑफरचं स्टिकर कधी कधी बरोब्बर तारखेवरच चिकटवलेलं असतं.

बिलात रॅकपेक्षा जास्त भाव लागला तर?

माझ्याच बाबतीत झालंय. एका दुकानात रॅकवर तुरडाळीचा ऑफरचा बोर्ड, बिलात जुनाच भाव, आणि मी घरी येऊन बघितलं, किलोमागे 31 रुपये जास्त आणि डाळ चार किलो. परत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला ऑफर कालच संपली, बोर्ड काढायचा राहिला. मी बोर्डाचा फोटो काढला नव्हता. तोंड पाडून परत आले आणि खरं सांगते, दोन दिवस ते 124 रुपये डोक्यातून जात नव्हते, कारण त्या चार किलोमधे तीन घरांचे पैसे होते आणि मला त्यांना तोंड द्यायचं होतं.

तेव्हापासून तीन गोष्टी करतो. रॅकवरच्या बोर्डाचा फोटो काढायचा, बिल काउंटर सोडायच्या आधी वाचायचं, आणि चूक दिसली की तिथेच शांतपणे फोटो दाखवायचा, बहुतेक वेळा लगेच दुरुस्त करून देतात. काउंटरवरच्या पोरांवर ओरडू नका, भाव ते ठरवत नाहीत, दहा-दहा तास उभी असतात बिचारी. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि छापील एमआरपीच्या वर कोणी पैसे घेत असेल तर तो सरळ सरळ गुन्हा आहे, वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

"एका बिलावर दोनच नग" लिहिलेलं असतं, तर घरातल्या पाच जणांची वेगवेगळी बिलं केली तर?

आम्ही करत नाही. ती मर्यादा मागून येणाऱ्यालाही मिळावं म्हणून असते. एकदा साखरेच्या ऑफरला एका कुटुंबाने सगळा रॅक रिकामा केला आणि मागे आमच्याच गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या ताई रिकाम्या पिशवीने उभ्या होत्या. त्यांची सुट्टीची वेळच दुपारी तीनची, आधी त्या येऊच शकत नाहीत.

तुम्ही सगळे सुपरमार्केटला जाता, मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेटचं काय?

हा प्रश्न शेटनीच आम्हाला विचारला होता आणि आम्हाला उत्तर देता आलं नव्हतं.

2020 च्या लॉकडाऊनमधे मोठ्या दुकानांबाहेर किलोमीटरभर लाइनी होत्या तेव्हा ह्याच माणसाने अर्धं शटर वर करून आमच्या गल्लीला दूध, मीठ, माचिस पुरवली, ज्यांचे पगार थांबले होते त्यांचं उधारीच्या वहीत लिहून घेतलं आणि कोणाच्या दारात मागायला गेला नाही. त्याला सोडून द्यायचं हे मनाला पटत नव्हतं. म्हणून आम्ही त्याच्याबरोबर बसलो. ठरलं असं की सुटं धान्य, पोहे, रवा, गूळ, शेंगदाणे, पूजेचं सामान हे सगळं शेटकडूनच घ्यायचं. गल्लीतल्या वीस-बावीस घरांनी महिन्याची यादी एकत्र दिली की तो तुर्भ्याच्या बाजारातून अख्खं पोतं उचलतो आणि भाव कमी करून देतो. बऱ्याचदा सुटे शेंगदाणे आणि गूळ त्याच्याकडे पॅकेटपेक्षा स्वस्तही पडतात आणि ताजेही. फळ्याच्या डाव्या बाजूला "शेटकडे" असा एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय उजवी बाजू लिहायची नाही.

सगळ्यांना हे पटलंय असं नाही. काही जणांचं म्हणणं आहे की स्वस्त जिथे तिथे घ्यावं, भावनेत कशाला अडकायचं. त्यांच्याशी वाद घालत नाही, पण रात्री साडेदहाला पोराला ताप आल्यावर इलेक्ट्रॉलचं पाकीट कोणाच्या दुकानातून आणलं तेवढं आठवून बघावं.

भाजी सुपरमार्केटमधून घ्यावी की मार्केटमधून?

कांदा, बटाटा, टोमॅटोवर ऑफर असेल तर सुपरमार्केट ठीक, ग्राहक आत यावा म्हणून हे तीन बऱ्याचदा खरेदीच्या भावाच्या आसपास विकतात. पालेभाजी मात्र बाहेर गाडीवरच घ्या. एसीमधे पाणी मारून ठेवलेली मेथी घरी आली की दुसऱ्या दिवशी काळी पडते. शेतकऱ्यांचे आठवडे बाजार 2016 पासून शहरात भरायला लागलेत, जवळ भरत असेल तर तिथे जाऊन या, आणि तिथे घासाघीस करू नका, पाच रुपयांसाठी शेतकऱ्याशी हुज्जत शोभत नाही.

मोठं काही असेल, लग्न, बारसं, गणपतीचा महाप्रसाद, तर ट्रान्सहार्बरची लोकल पकडून एक स्टेशन पुढे तुर्भेला उतरायचं आणि सरळ एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार. ह्यात आमच्या गल्लीचं नशीब मोठं आहे, कारण इथे माथाडी कामगारांची वस्ती आहे, सातारकडची माणसं, आयुष्य पाठीवर पोती वाहण्यात गेलेलं. शेजारचे एक काका मशीद बंदरच्या दाणाबंदरात लागले होते आणि बाजार इकडे आला तसे तेही इकडे आले. ते सांगतात कांदा-बटाटा सगळ्यात आधी आला, 1981 ला, आणि भाजी-फळं सगळ्यात शेवटी, 1996 ला. त्यांच्याबरोबर एकदा बाजारात जा. तांदळाच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेतात, फुंकर मारतात, दोन दाणे दाताखाली धरतात. कट्टकन तुटला तर जुना, नरम लागला तर नवा, भात चिकट होणार. मग हात तसाच माझ्यापुढे धरून "घे, चाव" म्हणतात. वीस वेळा चावून बघितल्यावर मला आता कुठे थोडं कळायला लागलंय.

वर्षाच्या मसाल्याचं पण करता का?

हो, एप्रिल-मे मधे. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, काश्मिरी ज्याला हवी त्याला. मिरची तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधून एकदम आणतो, गच्चीवर वाळवतो, देठं काढायला सगळे बसतात. गावठाणातल्या आगरी मावश्या खड्या मसाल्याचं प्रमाण सांगतात, ते मी इथे लिहिणार नाही कारण त्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय. डंकावर आपापला नंबर आपणच लावायचा. गच्चीवर मिरची असताना कबुतरांना हाकलायची ड्यूटी सुट्टीतल्या पोरांची, बदल्यात पेप्सीकोला.

ही आयडिया तुमची का?

अजिबात नाही. आपल्याकडे हे खूप जुनं आहे. अपना बाजार 1948 ला गिरणगावात, नायगावला, कामगारांनीच सहकारातून उभा केला. 1975 च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, त्यांची वितरण व्यवस्था तर आमच्या आधीच्या पिढीतल्या ठाण्या-डोंबिवलीच्या घरांना पाठ आहे. शेजारच्या घरांचा मिळून एक संघ, महिन्याची यादी भरून द्यायची, माल थेट येणार आणि सभासदांनी एका घरात जमून आपापल्या हाताने वाटून घ्यायचा. माझी आई ठाण्याला असताना त्यात होती. आमच्या हॉलमधे चादर अंथरून साबणाच्या वड्या मोजल्या जायच्या आणि मला सुट्ट्या पैशांचा डबा सांभाळायला बसवायचे. लिफ्टच्या त्या दिवशी जिन्यात जे सुचलं ते कुठून आलं हे मला नीट माहिती आहे.

मराठी येत नाही / भाड्याने राहतो, चालेल?

चालेल. फळ्यावर आकडे इंग्रजीत पण लिहितो. अकरा महिन्यांसाठी आलेली कॉलेजची पोरं आमच्या वाटणीत सगळ्यात वक्तशीर आहेत.

ज्यांना खाली उतरता येत नाही त्यांचं काय?

त्यांच्यासाठी चिठ्ठी. गुरुवारी रात्री दाराच्या कडीत यादी आणि पैसे पाकिटात घालून अडकवायचे, शुक्रवारी सकाळी शाळेत जाणारी मुलं जाता जाता गोळा करतात आणि वॉचमनकाकांकडे देतात. सध्या अशी सात घरं आहेत, बहुतेक एकटे राहणारे आजी-आजोबा, मुलं बाहेरगावी.

यादी छोटी असते. पाव किलो साखर, एक मारी बिस्किट, शंभर ग्रॅम चहा. एका आजोबांच्या चिठ्ठीत दर आठवड्याला एक ओळ नुसती "कसे आहात?" अशी असायची, आम्हाला वाटायचं चुकून लिहितात. मग कोणीतरी चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून सामानाबरोबर पाठवलं, आणि पुढच्या आठवड्यात त्याला उत्तर आलं. आता ते चालूच आहे.

मागच्या पावसाळ्यात एका शुक्रवारी त्यांच्या कडीला पाकीट नव्हतं. सातवीतली एक मुलगी खाली येऊन एवढंच म्हणाली, "चार नंबरच्या आजोबांचं नाहीये." दोघं वर गेले, बेल वाजवली, बराच वेळ लागला पण दार उघडलं. दोन दिवस ताप होता, फोन चार्ज करायला उठवत नव्हतं. रिक्षा करून दवाखान्यात नेलं, डेंग्यू निघाला, बरे झाले. तेव्हापासून नियम केलाय की सामान नको असलं तरी कोरं पाकीट अडकवायचंच. कोरं पाकीट म्हणजे मी ठीक आहे. नाही दिसलं तर नऊच्या आत कोणीतरी वर जाणार.

मी काय मदत करू शकतो?

सध्या तीन गोष्टींची अडचण आहे. बुधवारी-गुरुवारी सेक्टर 15 च्या बाजूच्या दुकानांत जाऊन भाव बघून येणारं कोणी नाही, ऑफिसवरून येताना उतरून बघितलं तरी चालेल. दुसरं, वही लिहिणाऱ्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, महिनाभर ज्यांचं अक्षर बरं आहे अशा कोणीतरी वही घ्यावी. आणि तिसरं, ती सातवीतली मुलगी आता आठवीत गेली, तिची शाळा दुपारची झाली, त्यामुळे बी विंगच्या चिठ्ठ्या सकाळी सातला गोळा करायला माणूस हवाय. बी विंगला लिफ्ट नाही, चार मजले आहेत, वीस मिनिटं लागतात. जमत असेल तर शनिवारी संध्याकाळी टेबलाजवळ या, कुठल्या दाराला कडी सैल आहे आणि कुठल्या घरात बेल ऐकू जात नाही ते दाखवून देते.